गजराला बझर नको, स्पीकर हवा

मागील अंकात आपल्या विज्ञान मंडळाच्या नव्या उपक्रमाची बातमी सर्वांनी वाचली असेलच. इयत्ता आठवी व नववीचे ४० विद्यार्थी येत्या सत्रात स्वतःच्या हाताने इलेक्ट्रॉनिक गजराचे घड्याळ तयार करणार आहेत. संचालक मंडळाने खर्चाला तत्त्वतः मान्यता दिली आहे, त्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार. साहित्याची यादी मात्र अजून अंतिम व्हायची आहे. त्या यादीत 'बझर – ४० नग' अशी एक ओळ आहे. ती ओळ बदलून तेथे 'स्पीकर' लिहावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

पंधरा रुपयांच्या वस्तूवरून एवढा मोठा लेख, असे कोणी म्हणेल. मीही उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत तसेच म्हणालो असतो. सुटीत आम्ही नमुन्यादाखल सहा घड्याळे केली तेव्हा बाजारातले तयार संच आणले होते. त्यात एक छोटा काळा बझर होता, तोच बसवला. वर्गात गजर वाजला की मुले दोन्ही कानांवर हात ठेवत आणि मी समाधानाने मान डोलवत असे. आवाज चांगला खणखणीत आहे, अशी माझी स्वतःची शिफारस होती. म्हणजे चूक मुलांची नाही, माझी आहे.

गुरुपौर्णिमेला मुलांनी त्यांपैकी एक घड्याळ मला भेट दिले. पुठ्ठ्याचा डबा, वर निळा कागद, मागे सर्वांच्या सह्या. मी ते उशाशी ठेवले आणि पहाटे पाचचा गजर लावून झोपलो. पावसाळा असला तरी आमच्याकडे पंखा बाराही महिने पूर्ण वेगाने चालतो. सकाळी नात खांदा हलवत होती. "आबा, केव्हाचं वाजतंय ते! माझी झोप गेली, तुमची कशी नाही गेली?" ती शेजारच्या खोलीत झोपली होती, मधले दार लोटलेले होते. घड्याळ माझ्या कानापासून हातभर अंतरावर होते. सव्वापाच वाजले होते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप कान तपासून घेतले. त्या तपासणीचा जो आलेख मिळतो तो फार बोलका असतो. ५०० हर्ट्झच्या आसपास माझे कान वयाच्या मानाने उत्तम आहेत. २००० च्या पुढे रेघ खाली वळते आणि ३०००-४००० पाशी घसरगुंडीवरून उतरावी तशी उतरते. वाढत्या वयात बारीक, उंच सूर आधी जातात. आणि माझ्यासारखी ज्यांची तीस वर्षे कारखान्यात कंप्रेसरच्या शेजारी गेली त्यांचे तर थोडे आधीच जातात. गंमत अशी की संचातल्या बझरचा सूर नेमका त्या घसरगुंडीच्या पायथ्याशी आहे.

हा काही योगायोग नव्हे. या बझरमध्ये पितळी पत्र्यावर पिझो पदार्थाची पातळ चकती चिकटवलेली असते. वीज दिली की ती वाकते, वीज उलटली की उलट वाकते. एवढी छोटी चकती २००० ते ४००० हर्ट्झच्या दरम्यानच जोरात थरथरते, कारण तो तिचा स्वतःचा अनुनाद असतो. दुसरी बाजू अशी की माणसाचा तरुण कान याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे कमीत कमी विजेत जास्तीत जास्त ठणाणा मिळतो. बनवणाऱ्याच्या दृष्टीने सौदा उत्तम आहे. बटण दाबल्याची खूण द्यायला, गाडी मागे घेताना सावध करायला, स्वयंपाकघरातल्या टायमरला, बझर झकास आहे. ऐकणारा जागा असतो. गजराचा ऐकणारा झोपलेला असतो, आणि अनेकदा तो घरातला सर्वांत वयस्क माणूस असतो.

झोपलेल्या माणसाला कोणता आवाज जागा करतो, याचा अभ्यास गजराच्या घड्याळांसाठी नव्हे, तर आगीची सूचना देणाऱ्या धूरसूचक यंत्रांसाठी झालेला आहे. ही यंत्रेही अनेक वर्षे ३००० हर्ट्झच्या आसपासच किंचाळत आली. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील व्हिक्टोरिया विद्यापीठात डोरोथी ब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांवर निरनिराळे आवाज वापरून पाहिले. लहान मुले त्या किंचाळण्यात खुशाल झोपून राहतात आणि ऐकू कमी येणारी माणसेही उठत नाहीत, असे दिसले. ५२० हर्ट्झचा, चौकोनी लहरीचा खर्जातला आवाज या दोघांनाही कितीतरी अधिक खात्रीने जागे करतो, असेही दिसले. त्यानंतर अमेरिकेच्या 'एनएफपीए ७२' या अग्निसूचनेच्या नियमावलीत २०१० च्या आवृत्तीत बदल झाला आणि झोपण्याच्या जागांमधील सूचनेचा आवाज १ जानेवारी २०१४ पासून ५२० हर्ट्झचा असावा असे ठरले. त्याच नियमावलीत आवाज मोजायचा तो उशीपाशी, आणि तेथे तो निदान ७५ डेसिबल असावा, असेही म्हटले आहे. 'उशीपाशी' हा शब्द मला फार आवडला. आम्ही आमच्या घड्याळांचा आवाज प्रयोगशाळेच्या टेबलापाशी मोजला होता, तोही भर दुपारी.

लहान मुले त्या किंचाळण्यात उठत नाहीत हे वाचून काही पालकांना हसू आले असेल. शाळेची पहिली घंटा साडेआठला आहे आणि आमच्या नोंदवहीत उशिरा येणाऱ्यांची यादी मोठी आहे. त्यातल्या थोड्यांना तरी आता एक शास्त्रीय सबब मिळाली.

मी मुलांना आलेख दाखवला तेव्हा नववीतल्या एका मुलाने लगेच तोड काढली. "सर, सोपं आहे. प्रोग्राममध्ये फक्त आकडा बदलायचा. टोनपुढे ५२० लिहायचं." कल्पना चांगली होती, म्हणून आम्ही ती करून पाहिली. संचातला बझर 'अॅक्टिव्ह' जातीचा निघाला. त्याच्या पोटातच सूर ठरवणारे छोटे मंडल असते, वीज दिली की तो आपला एकच सूर काढतो. आपला ५२० चा आकडा त्याच्या कानावरून गेला. मग दुसरा, 'पॅसिव्ह' जातीचा आणला. त्याने आकडा ऐकला खरा, पण आवाज तरीही चिरकाच. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चौकोनी लहरीत ५२० एकटा नसतो. त्याच्या तिप्पट म्हणजे १५६०, पाचपट म्हणजे २६००, सातपट म्हणजे ३६४० हेही सूर तिच्यात दडलेले असतात. पिझो चकतीला ५२० उचलताच येत नाही, ती २६०० आणि ३६४० तेवढे उचलते. प्रोग्रामने खर्ज मागितला तरी चकतीच्या गळ्यात तो नाही. गळा बदलायलाच हवा. म्हणजे कागदी शंकू, तारेचे वेटोळे आणि चुंबक असलेला साधा स्पीकर.

आता स्पीकर कोणता घ्यायचा, यावर मुलांमध्ये आणि दोन-तीन पालकांमध्येही बरीच चर्चा झाली. माझे मत सांगतो.

आकाराविषयी फार मतभेद नकोत. २८ मिलिमीटरचे चिमुकले स्पीकर दिसायला सुबक असतात, डब्यात छान बसतात, पण ५२० हर्ट्झपाशी त्यांचा जीव निम्मा होतो. जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये असायचा तो सव्वादोन इंची, म्हणजे ५७ मिलिमीटरचा, ८ ओहमचा, अर्ध्या वॅटचा स्पीकर आपल्या कामाला पुरेसा आहे. तीन इंची मिळाला तर अधिक चांगला. डबा थोडा मोठा करावा लागेल, एवढेच.

खरा घोळ होतो तो वॅटच्या आकड्यावरून. एका पालकांनी मोठ्या उत्साहाने १० वॅटचा स्पीकर देऊ केला. त्यांच्या भावनेचा आदर आहे, पण स्पीकरवर लिहिलेला वॅट म्हणजे त्याचा आवाज नव्हे, त्याची सहनशक्ती आहे. पोत्यावर '५० किलो' लिहिले म्हणून आत ५० किलो धान्य असतेच असे नाही. आपण जेवढी वीज देऊ तेवढाच तो वाजणार. आणि वीज दुप्पट केली तरी वाढ होते फक्त ३ डेसिबलची, कानाला जेमतेम जाणवेल इतकी. त्यापेक्षा त्याच्या माहितीपत्रकात एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल हा आकडा शोधावा. एकावर ८४ आणि दुसऱ्यावर ९० असेल तर दुसरा घ्यावा; तो एक चतुर्थांश विजेत तेवढाच वाजेल.

आमचे गणित मुलांनी फळ्यावर केले, ते येथे देतो. ५ व्होल्टचा पुरवठा, ८ ओहमचा स्पीकर, त्याच्या मालिकेत ३३ ओहमचा रोध. एकूण ४१ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे १२० मिलिअँपिअर. चौकोनी लहर निम्माच वेळ चालू असते, त्यामुळे स्पीकरला मिळते वॅटच्या सोळाव्या भागाच्या आसपास. एक वॅटला ८४ डेसिबल देणारा स्पीकर एवढ्याशा विजेत एक मीटरवर ७२ डेसिबल देईल. अंतर निम्मे केले की ६ डेसिबल वाढतात, म्हणजे उशीपासून अर्ध्या मीटरवर ७८. नियमावली मागते ७५. हा कागदावरचा हिशोब आहे, प्रत्यक्षात थोडे कमी भरते. पण दहा वॅट कशाला नकोत ते यावरून कळावे.

८ ओहमविषयीही एक सावधगिरी आहे. मायक्रोकंट्रोलरच्या पायाला स्पीकर थेट जोडू नये. तो पाय जास्तीत जास्त ४० मिलिअँपिअर सोसतो, आणि ५ व्होल्टवर ८ ओहम ६०० हून अधिक मागतात. बझर थेट जोडला तरी चालतो, म्हणूनच संचवाले तो देतात. स्पीकर आला की मध्ये ट्रान्झिस्टर आलाच. नेहमीचा बीसी ५४७ येथे कमी पडतो, कारण त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. बीसी ३३७ घ्यावा, दोघांच्या किमतीत चहाच्या घोटाचाही फरक नाही. आणि गजर बंद असताना प्रोग्रामने तो पाय शून्यावर ठेवलाच पाहिजे. नाहीतर स्पीकरच्या वेटोळ्यातून रात्रभर एका दिशेने प्रवाह वाहत राहतो, आवाज होत नाही, नुसते वेटोळे तापते. आमचा एक स्पीकर असाच कामी आला.

दुसरी फजिती तर सर्वांसमोर झाली. ऐन प्रात्यक्षिकाच्या वेळी, मुख्याध्यापिका बाई समोर बसलेल्या असताना, घड्याळाने एक 'भॉंक' केले, पडदा विझला आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. पुन्हा 'भॉंक', पुन्हा पडदा विझला. स्पीकरने एकदम प्रवाह ओढला की पुरवठ्याचा दाब क्षणभर खाली जातो आणि मायक्रोकंट्रोलरला वाटते वीज गेली. वेळ चुकली नाही, कारण वेळ सांभाळणारी डीएस ३२३१ ही चिप स्वतःच्या बटन सेलवर चालते. पण गजर होईना. पुरवठ्याच्या तारांवर ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर बसवला आणि मूळ पुरवठा थोडा दमदार घेतला, तेव्हा कुठे तो नीट वाजू लागला. बझर वापरला असता तर ही फजिती झाली नसती, हे मान्य. पण दाब का पडला हे शोधताना त्या तासाला मुले जे शिकली ते मी एरवी दोन आठवड्यांत शिकवू शकलो नसतो.

आता डब्याविषयी, कारण माझ्या मते स्पीकर निवडताना निम्मी निवड डब्याची असते. मुलांना घेऊन मी कोठीला गुजराती गल्लीत गेलो होतो. तेथील एका जुन्या दुकानदाराने आमच्या यादीकडे नजर टाकली आणि म्हणाला, "साब, आवाज होना बोले तो डब्बा होना." मुलांना वाटले तो डबा विकायला पाहतो आहे. त्याच्याकडे डबे नव्हतेच.

तो अगदी बरोबर बोलत होता. उघडा स्पीकर हातात धरून वाजवा, आवाज फाटका, पोकळ येतो. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जातल्या सुरांना काठावरून पलीकडे वळायला भरपूर सवड मिळते, पुढचे आणि मागचे एकमेकांना खाऊन टाकतात. मध्ये आडोसा आला की हे थांबते. बुटांच्या खोक्याच्या झाकणाला स्पीकरएवढे भोक पाडा, चालू स्पीकर त्या भोकाशी आणा आणि दूर न्या. दोन मिनिटांचा प्रयोग आहे, पैसा लागत नाही. आमच्या वर्गात तो सुरू झाला तेव्हा शेजारच्या वर्गातल्या बाई चौकशीला आल्या होत्या, आणि त्याही दोनदा करून गेल्या. स्पीकर पुठ्ठ्याला घट्ट बसवावा, फट राहू देऊ नये, समोर जाळी हवी असेल तर भोके मोठी आणि भरपूर ठेवावीत. एका मुलीने स्वस्तिकाच्या आकाराची नाजूक पाच भोके पाडली होती. दिसायला फार सुंदर, ऐकायला कमी.

त्याच फेरीत स्पीकर, ट्रान्झिस्टर आणि रोध मिळून पन्नास-पंचावन्न रुपयांना पडले. बझरचे पंधरा वजा केले तर घड्याळामागे फार तर ४० रुपये जास्त, ४० घड्याळांचे १६००. हा आकडाही बराच खाली येईल, कारण शाळेच्या अडगळीच्या खोलीत संगणक कक्षातले जुने, निकामी डबे पडले आहेत. जुन्या संगणकाच्या डब्यात पुढच्या बाजूला एक छोटा स्पीकर असे, नेमका सव्वादोन इंची, ८ ओहमचा. शिपाईमामांच्या मदतीने आम्ही मोजणी केली, १४ चांगले निघाले. मल्टिमीटरवर ७-८ ओहम दाखवतो आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की 'टक्' करतो, तो जिवंत समजावा.

संचालक मंडळातील एका आदरणीय सदस्यांचे म्हणणे असे की पहिल्याच वर्षी प्रकल्प अवघड करू नये, ४० पैकी ४० घड्याळे वाजली पाहिजेत, पालकांसमोर लाज नको. त्यांची काळजी मला समजते. बझरने ४० पैकी ४० वाजतील यात शंका नाही. पण ती कोणाच्या घरी, कोणासाठी वाजणार आहेत? मी मुलांना विचारले की घड्याळ घरी नेल्यावर कोणाला देणार. निम्म्याहून अधिक हात आजी-आजोबांसाठी वर गेले. आजीची डोळ्यांत थेंब घालायची वेळ, आजोबांची उपाशीपोटीची गोळी, पहाटे नळाला पाणी येण्याची वेळ. मुलगा टेबलावर गजर वाजवून दाखवील, सर्वजण कौतुक करतील आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आजी उठणार नाही. ती बिचारी त्याचे मन मोडू नये म्हणून "वाजलं रे, वाजलं" म्हणेल. मीही पहिल्या दिवशी मुलांना तसेच सांगितले होते.

मोबाइलमध्ये गजर असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले गेले. घड्याळ मिळवणे हा या उपक्रमाचा हेतू नाही, ते स्वतः करणे हा आहे, एवढे त्याचे उत्तर पुरे. परंतु मोबाइलचा विषय निघालाच आहे तर पालकांना एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये गजराला कोणता आवाज लावला आहे ते आज रात्री पाहा. पाखरांची किलबिल, काचेची किणकिण असले काही असेल तर बदलून भरदार, खालच्या पट्टीचा लावा, आणि फोन गादीवर न ठेवता लाकडी टेबलावर ठेवा. ज्यांना मुळातच फार कमी ऐकू येते त्यांना कोणताच स्पीकर पुरणार नाही. त्यांच्यासाठी उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती असते. पुढील वर्षी तिचाही विचार करता येईल.

एक तोटा प्रामाणिकपणे सांगायला हवा. खर्जातला आवाज दारे-भिंती ओलांडून अधिक जातो. आमच्या सौ. आता रोज पाचला माझ्याबरोबर उठतात आणि त्यांना उठायचे नसते. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत काय होईल ते अजून पाहायचे आहे, त्यासाठी आवाजाला लहान-मोठा करणारी एक कळ बसवावी असे मुलांच्या मनात आहे.

तरी संचालक मंडळाने यादीतली ओळ बदलावी आणि प्रत्येक घड्याळ 'पूर्ण' म्हणून नोंदवण्यापूर्वी ते ज्याच्यासाठी केले त्या व्यक्तीच्या उशाशी तीन रात्री ठेवून पाहावे, तीन सकाळींची नोंद घरच्यांनी वहीत सही करून द्यावी, अशी माझी सूचना आहे. पालकांनी घरातले मोडके रेडिओ, टेपरेकॉर्डर, जुने संगणक भंगारात देण्याआधी शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत आणून दाखवावेत. स्पीकर शाबूत असला म्हणजे झाले. फक्त मागचा चुंबक आपल्या चिरंजीवांनी खेळायला आधीच उपटून घेतलेला नाही ना, एवढे घरून निघताना पाहून घ्यावे.